पीयू रंग: चकाकी हार्डनरची, धोकाही हार्डनरचाच

घरी मोटारसायकलची टाकी किंवा मडगार्ड रंगवणारा माणूस सगळी काळजी चकाकीची करतो. ओघळ येऊ नये, धूळ बसू नये, कडा सुटू नये. हार्डनरच्या छोट्या डब्याकडे मात्र तो फक्त मिसळण्यापुरता बघतो. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंगाबद्दलचे बहुतेक गैरसमज त्या डब्यात नेमके काय असते हे माहीत नसल्यामुळे होतात.

पहिला समज असा की, हात लावून चिकटले नाही म्हणजे रंग तयार झाला. साध्या स्प्रे कॅनमधल्या रंगातला थिनर उडून गेला की काम संपते. म्हणून त्यावर पेट्रोल सांडले की तो पुन्हा मऊ पडतो. दोन डब्यांच्या पीयूमध्ये थिनर उडणे ही नुसती सुरुवात असते. हार्डनरमधली आयसोसायनेट रसायने रंगातल्या रेझिनशी जोडली जातात आणि सलग जाळे तयार होते. पेट्रोलला टिकण्याची ताकद त्या जाळ्यातून येते, पण ते पूर्ण विणले जायला २५ अंश तापमानाला साधारण आठवडा लागतो. दुसऱ्याच दिवशी टाकी बसवून पेट्रोल भरले, तर झाकणाभोवतीचा रंग आधी खराब होतो.

दुसरा समज, हार्डनर थोडा जास्त घातला की रंग आणखी कडक होतो. डब्यावर चारास एक लिहिले असेल तर चारास एकच, तेही मापून. जास्तीच्या आयसोसायनेटला जोडीदार मिळत नाही, मग ते हवेतल्या बाष्पाशी जुळते. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, थरात बारीक फोड येतात, थर ठिसूळ होतो. पावसाळ्यात किंवा किनारपट्टीच्या दमट हवेत, कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी साचले असेल तर माप बरोबर असूनही हे घडते.

सगळ्यात घातक समज वासाचा आहे. ‘वास येत नाही, म्हणजे काही नाही.’ नाकाला जाणवतो तो बहुतांशी थिनर. आयसोसायनेटचा वास येऊ लागेपर्यंत सुरक्षित मर्यादा ओलांडलेली असते. वाहनांच्या पीयू हार्डनरमध्ये बहुधा एचडीआय या आयसोसायनेटपासून बनवलेली रसायने असतात. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेने हवेतल्या एचडीआयसाठी कामाच्या पाळीची सरासरी मर्यादा ठरवली आहे ती एक अब्ज भागांत ५ भाग, इतकी कमी. गनमधून उडणारे तुषार श्वासावाटे आत जातात आणि काहींना त्यातून कायमचा दमा जडतो. एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही छाती आवळते. त्वचेवाटेही ही संवेदनशीलता येऊ शकते, म्हणून नायट्राइलचे हातमोजे, गॉगल आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच.

तोंडाला बांधलेला रुमाल इथे निरुपयोगी आहे. एन-९५ मास्क तुषार अडवेल, वाफा नाही. सेंद्रिय वाफांचे कार्ट्रिज आणि पुढे कणांचा फिल्टर असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क ही किमान गरज. दाढी असेल तर तोही नीट बसत नाही. चांगल्या पेंट-बूथमध्ये रंगाऱ्याला नळीने बाहेरची स्वच्छ हवा पुरवतात, ती उगाच नाही. बुडाची कळ दाबून आतला हार्डनर मिसळायचा स्प्रे कॅन मिळतो, त्यालाही हेच लागू आहे. घर बंदिस्त असेल, शेजारी लहान मुले असतील, तर माझे मत स्पष्ट आहे: घासणे आणि पुट्टी भरणे घरी करावे, तेही धुळीचा मास्क लावून, आणि रंगाचे हात बूथमध्ये मारून घ्यावेत.

उलट टोकाची भीतीही ऐकू येते: हा भोपाळचाच वायू. कूळ एक आहे, पदार्थ वेगळा. १९८४ साली भोपाळमध्ये गळलेले मिथाइल आयसोसायनेट ३९ अंशांना उकळते. एचडीआय २५० अंशांच्या वर. नेहमीच्या तापमानाला त्याची वाफ फार थोडी होते, म्हणून धोका प्रामुख्याने फवारताना असतो. पूर्ण पक्का झालेला थर हाताळायला निर्धोक असतो. कच्चा थर घासताना उडणारी धूळ मात्र तशी नसते.

बाकीचे थोडक्यात. रंग कशावरही बसतो असे नाही. प्लॅस्टिकच्या भागाच्या आतल्या बाजूला पीपी (पॉलिप्रोपिलीन) कोरलेले असेल तर प्लॅस्टिकसाठीचा खास प्रायमर लागतो, नाहीतर पापुद्रे सुटतात. सायलेन्सरसाठी पीयू नाही, तिथे उष्णता सोसणारा सिलिकॉन रंग लागतो. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा सुरक्षित हा समजही चुकीचा. आतली पेट्रोलची वाफ ठिणगीने भडकते. थिनरची वाफही हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते, म्हणून गॅस आणि गिझर बंदच ठेवावेत.

उरलेल्या हार्डनरचे झाकण लगेच घट्ट लावावे. पण आत पाणी गेल्याची शंका असेल तर तो डबा बंद करून कपाटात ठेवू नये: आत वायू तयार होऊन तो फुगतो, कधी फुटतोही.