मँडोलिनसाठी लहान अ‍ॅम्प्लिफायर : वॅट मोजावेत की खोली?

उत्तर नागपुरातील जरीपटका ही मराठ्यांच्या निशाणाचे नाव मिरवणारी वस्ती. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी ती व्यापाराने गजबजवली. खाली दुकान आणि वर घर असे एखादे तेथील घर डोळ्यांसमोर आणावे. घरातील मुलगी मँडोलिन शिकते आहे. सणावाराला तीस-चाळीस नातलग जमतात, स्तवने म्हटली जातात, हार्मोनियम वाजते, ढोलकीचा ठेका धरला जातो. मँडोलिन मात्र मुलीच्या शेजारी बसलेल्यांनाच ऐकू येते. ज्या आजोबांनी मोठ्या हौसेने ते वाद्य घेऊन दिले, ते मागे खुर्चीवर बसलेले असतात आणि त्यांच्या कानापर्यंत एकही सूर पोहोचत नाही. पुढच्या कार्यक्रमाआधी वडील चाकांचा, रंगीत दिव्यांचा मोठा ट्रॉली स्पीकर आणतात. मुलगी तार छेडते. पत्र्यावर खडे पडावेत तसा आवाज येतो आणि पाठोपाठ कानठळ्या बसवणारी शिट्टी. स्पीकर बंद केला जातो. त्यानंतर मुलगी पाहुण्यांसमोर वाजवण्याचे टाळू लागते, आणि खरे नुकसान हेच असते. स्पीकरचे पैसे त्यापुढे किरकोळ.

यात दोष मुलीचा नसतो, आणि बहुधा स्पीकरचाही नसतो. मँडोलिनला आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या; त्या व्हायोलिनच्याच स्वरांत मिळवलेल्या असतात. परंतु व्हायोलिनवर गज फिरत आहे तोवर सूर टिकतो, तर मँडोलिनवर नखीचा आघात होताच सूर उमटतो आणि लगेच विरू लागतो. लहानशा पोकळ पेटीतून निघणारा हा तीक्ष्ण, अल्पजीवी नाद हेच त्या वाद्याचे सौंदर्य आहे, आणि तीच त्याची अडचणही आहे.

आपल्याकडील वादकांनी या अडचणीवर निरनिराळे उपाय शोधले. संगीतकार सज्जाद हुसेन (१९१७–१९९५) यांनी मँडोलिनवर हिंदुस्थानी राग वाजवून दाखवले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील लक्ष्मीकांत कुडाळकर हेही चित्रपटसृष्टीत सुरुवातीच्या काळात मँडोलिन वाजवत. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मायक्रोफोन वाद्याजवळ ठेवता येतो, त्यामुळे तेथे लहान आवाजाचे काही अडत नाही. कर्नाटक संगीताचा मंच मात्र वेगळा. आंध्रातील पालकोल येथे १९६९ साली जन्मलेल्या यू. श्रीनिवास यांनी साध्या मँडोलिनऐवजी विजेवर चालणारे, भरीव लाकडाचे मँडोलिन स्वीकारले आणि जोडतारांऐवजी पाच एकेरी तारा ठेवल्या. गमकांसाठी सूर लांबवणे त्यामुळे शक्य झाले. १९९८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ साली, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या वाटेने जायचे तर वाद्यच बदलावे लागते. घरातील पोकळ, लाकडी मँडोलिन तसेच ठेवून त्याचा स्वभाव न बिघडवता आवाज थोडा मोठा करायचा, हा प्रश्न निराळा आहे.

या कामात पहिला खर्च अ‍ॅम्प्लिफायरवर नव्हे, पिकअपवर करावा. पिकअप म्हणजे तारांचे कंपन टिपून त्याचा विद्युतसंकेत करणारा लहानसा भाग. मँडोलिनसाठी बहुधा पीझो जातीचा पिकअप वापरतात. तो घोडीत बसवलेला असतो किंवा वाद्याच्या पृष्ठभागावर चिकटवलेला असतो. वाद्याला भोक पाडण्याची इच्छा नसेल, तर काढता-घालता येणारा चिकटपट्टीचा पिकअप सुरुवातीला बरा. पीझोचा संकेत मात्र अतिशय नाजूक असतो. तो ज्या यंत्रात जातो त्याचा प्रवेशरोध निदान दहा लाख ओहम, म्हणजे एक मेगाओहम असावा लागतो. मंडळाच्या मिक्सरमधील मायक्रोफोनचे छिद्र किंवा ट्रॉली स्पीकरचे छिद्र इतक्या रोधाचे क्वचितच असते. तेथे पीझो जोडला की खालचे स्वर गळून पडतात आणि उरतो तो पत्र्याचा आवाज. वर वर्णन केलेल्या घरात झाले ते एवढेच. मध्ये बॅटरीवर चालणारा एक लहान प्रीअ‍ॅम्प लावला असता, तर त्याच स्पीकरने कदाचित बरे काम दिले असते. आहे त्या मालातून काम भागते का, हे नवी खरेदी करण्यापूर्वी पाहण्याची व्यापारी घरांची रीत येथे उपयोगी पडते.

वॅटचा हिशेब मात्र व्यापाऱ्याला सहज पटणारा नाही. दुप्पट वॅट घेतल्याने आवाज दुप्पट होत नाही. तो जेमतेम तीन डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटावा यासाठी शक्ती सुमारे दहापट करावी लागते. म्हणजे ६ वॅटच्या आणि ६० वॅटच्या यंत्रांत, बाकी सारे सारखे धरले तर, कानाला जाणवणारा फरक दुपटीचाच. दिवाणखान्यात तीस माणसे असतील तर ५ ते १५ वॅट पुरतात. हार्मोनियम-ढोलकीसह शंभर-दीडशे माणसांच्या सभागृहात बसायचे असेल, तर ३० ते ६० वॅट लागतील. त्यापलीकडे जाण्याचे घरगुती वादकाला कारण नाही. मोठ्या मंचावर मंडपवाल्याची यंत्रणा असतेच, तिला आपल्या अ‍ॅम्प्लिफायरमधून एक तार जोडता आली म्हणजे झाले.

स्पीकरच्या आकाराबाबतही असाच गैरसमज आहे. मँडोलिनची सर्वांत खालची मोकळी तार सुमारे १९६ हर्ट्झला बोलते. त्याखालचा घुमणारा खर्ज या वाद्यात नाहीच. मग बारा इंची स्पीकर उचलून न्यायचा कशासाठी? पाच ते साडेसहा इंचांचा स्पीकर पुरेसा आहे, मात्र त्याला वरच्या स्वरांसाठी ट्वीटरची जोड हवी. इलेक्ट्रिक गिटारसाठी बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ही जोड बहुधा नसते, आणि मँडोलिनची चमक तेथेच हरवते. म्हणून दुकानात ‘गिटारचा अ‍ॅम्प’ एवढेच न सांगता ‘अकूस्टिक वाद्यासाठीचा अ‍ॅम्प’ असे स्पष्ट सांगावे.

या वर्गातील काही यंत्रे जगभर वापरली जातात. रोलंडचा मोबाइल एसी हा ५ वॅटचा, सहा पेन्सिल सेलवर चालणारा, खांद्याला अडकवता येईल असा. त्याच कंपनीचा एसी-३३ एकूण ३० वॅटचा, विजेवर किंवा आठ सेलवर चालतो. सेलवर त्याची ताकद काहीशी उतरते. फिशमनचा लाउडबॉक्स मिनी ६० वॅटचा, साडेसहा इंची स्पीकर व ट्वीटर असलेला, सुमारे ९ किलो वजनाचा. नऊ किलो ऐकायला कमी वाटतात. एका हातात मँडोलिन धरून दोन जिने चढल्यावर मत बदलते. मुलगी स्वतः गाणार असेल, तर मायक्रोफोनसाठी दुसरा स्वतंत्र मार्ग असलेलेच यंत्र घ्यावे. नातलग अमेरिकेहून स्वस्तात आणून देतो म्हणाले, तर विजेचा दाब विचारावा. तेथील यंत्र १२० व्होल्टचे असू शकते. आपल्या २३० व्होल्टला ते जोडले की पहिल्याच दिवशी जळते.

बॅटरीचे यंत्र घेतल्यास जुन्या वायरिंगच्या घरात ऐकू येणारी विजेची गुणगुण टळते, हा मोठा लाभ. पण नागपूरचा उन्हाळा लक्षात ठेवावा. मे महिन्यात बंद मोटारीत ठेवलेली लिथियम बॅटरी लवकर कामातून जाते, आणि त्याच मोटारीतील मँडोलिनची पाटी फाटली तर दुःख त्याहून मोठे.

अहिंसेचा विचार करणाऱ्या घरांनी आणखी काही गोष्टी आवर्जून विचाराव्यात. पारंपरिक पद्धतीच्या मँडोलिनमध्ये तारांखालची वरची पट्टी हाडाची असू शकते, जोडणीला प्राण्यांच्या कातड्यापासूनचा सरस वापरलेला असू शकतो, आणि जुन्या नख्या कासवाच्या पाठीच्या असत. आज या सर्वांना कृत्रिम पर्याय सहज मिळतात. अ‍ॅम्प्लिफायरवरचे चामड्यासारखे दिसणारे आवरण बहुधा व्हिनाइलचे असते. वाद्याचा पट्टा मात्र खऱ्या चामड्याचा निघू शकतो, तो कापडी घ्यावा. तसेच अनेक साधू-साध्वी ध्वनिवर्धकाचा वापर करीत नाहीत. उपाश्रयात वाजवायचे असेल तर आधी विचारावे, आणि नकार आला तर मँडोलिन पहिल्या ओळीत नेऊन बसावे.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत बंदिस्त सभागृहांसारख्या जागा वगळता ध्वनिवर्धकाला मनाई आहे. दाटीच्या गल्लीत, उघड्या गच्चीवर हे विशेष पाळावे लागते. लहान यंत्राचा येथे आपोआप फायदा होतो.

घरी बसण्याची रचनाही महत्त्वाची. यंत्र वादकाच्या पाठीमागे ठेवले तर त्याचा आवाज मँडोलिनच्या पेटीत शिरतो आणि शिट्टी सुरू होते. ते थोडे पुढे, बाजूला, श्रोत्यांकडे तोंड करून, कोपऱ्यापासून दूर एका स्टुलावर ठेवावे. फेज बदलण्याचे बटण असल्यास शिट्टी येताच ते दाबून पाहावे. संगमरवरी फरशीच्या खोलीत आवाज मुळातच घुमतो. तेथे रिव्हर्बचे बटण शून्यावरच असावे.

खरेदीच्या दिवशी आपलेच मँडोलिन, आपलाच पिकअप आणि आपलीच तार घेऊन जावे. दुकानातील गिटारवर केलेली परीक्षा कामाची नाही. पक्के बिल घ्यावे, दुरुस्ती नागपुरात होते का ते विचारावे. आणि आजोबांना सोबत न्यावे. वयानुसार वरचे स्वर कमी ऐकू येऊ लागतात, त्यामुळे यंत्राची चमक मुलीने पारखावी. आवाज किती हवा, ते मात्र आजोबांनी सांगावे. त्यांना पंधरा फुटांवर खुर्ची देऊन बसवावे, मुलीने तिला येणारे एक स्तवन हळू वाजवावे, आणि त्यांनी हात वर केला की बटण तेथेच थांबवावे.