स्पर्धा महामार्गावर, वाट पाहणे फाट्यावर

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगीला रेल्वे नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड लोहमार्गावर फेब्रुवारी 2024 मध्ये गाडी धावली ती वर्ध्यापासून कळंबपर्यंतच. त्यामुळे महागाव, उमरखेड, पुसदची कामे असोत की पैनगंगेपलीकडच्या माहूरचे देवदर्शन, रस्त्याशिवाय पर्याय नाही. या रस्त्यांवर लाल एसटी, काळी-पिवळी आणि ऑटो प्रवाशांसाठी झगडतात. यवतमाळ-महागाव-उमरखेड-नांदेड महामार्गावर ट्रॅव्हल्सही आहेत.

कायद्याने थांब्या-थांब्यावर प्रवासी चढवण्याउतरवण्याचा टप्पा परवाना मुख्यतः एसटीकडे आहे. ट्रॅव्हल्सचा परवाना कंत्राटी, म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी ठरलेली माणसे नेण्याचा. प्रत्यक्षात वाटेवरचे प्रवासी सर्रास घेतले जातात. काळी-पिवळीला वेळापत्रक नसते, ती भरली की निघते. एसटीला मात्र दोन प्रवासी असले तरी वेळेवर सुटावे लागते. ही स्पर्धा बरोबरीची नाहीच.

मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत एसटी थांबली. आंतरजिल्हा गाड्या 20 ऑगस्टपासून सुरू झाल्या. घडी बसते न बसते तोच ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल 2022 पर्यंत चालला. त्या काळात सरकारने खासगी बस, शाळांच्या गाड्या, इतकेच नव्हे तर मालवाहू वाहनांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली. नुकसान टाळेबंदीपेक्षा संपाने जास्त केले, असे म्हणायला जागा आहे: टाळेबंदीत माणसे घरीच होती, संपात त्यांना दुसऱ्या गाडीची सवय लागली.

या प्रवाशांना परत आणले ते सवलतींनी. 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला आणि 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट. शंभर रुपयांच्या प्रवासाला नवरा, बायको आणि पंचाहत्तरी ओलांडलेले वडील निघाले तर एसटीत दीडशे लागतात. तेवढेच भाडे घेणाऱ्या खासगी गाडीत तीनशे. सवलतीचा फरक सरकार एसटीला भरून देते, खासगी मालकाला कोण देणार? 25 जानेवारी 2025 ला एसटीचे भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले, तरी महिलांसाठी तीच स्वस्त राहिली.

प्रवासी परतले, पण जुन्या गाड्या भंगारात जात होत्या आणि नव्या उशिरा येत होत्या. गाड्या कमी पडल्या की महामार्गावरची फेरी टिकते आणि कात्री लागते ती आडमार्गावरच्या गाडीला. त्यात रात्री गावात थांबणारी मुक्कामी गाडी बंद झाली की पहाटे तालुक्याला जाणाऱ्याची सोयच संपते. मग अर्ध्या तिकिटाची बाई पूर्ण भाडे देऊन ऑटोत बसते.

खासगी मालक तोट्याच्या वाटेला जाणार नाही आणि त्याने जावे अशी अपेक्षाही चुकीची आहे. ते काम एसटीचेच. बंद फेरीची मागणी ग्रामपंचायतीच्या ठरावासह आगार व्यवस्थापकाकडे करता येते. गावाने ती लेखी करावी आणि अर्जाची पोच घ्यावी.