सव्वादोन फुटांचा प्रश्न

गेल्या गणपतीत जेवता जेवता चिरंजिवांनी जाहीर केले की, आपण आणि सूनबाई गावाबाहेर फ्लॅट पाहतो आहोत. सौ.च्या हातातला आमटीचा डाव तसाच हवेत राहिला. भांडणतंट्याचा प्रश्न नव्हता. दोघेही आठवड्यातले तीन दिवस घरूनच ऑफिसचे काम करतात; सूनबाई स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या ऐकत आणि चिरंजीव मधल्या खोलीत आजीच्या खाटेच्या पायथ्याशी. त्याची मीटिंग ऐन रंगात आली, की आमच्या आईला नेमका तपकिरीचा डबा सापडेनासा होतो.

"एक खोली जास्तीची असती, तर कशाला गेलो असतो, बाबा?" तो म्हणाला.

मी वर पाहिले. वर कडीपाट होता, आणि कडीपाटावर माळा.

आमचे घर नारायण पेठेत आहे. आजोबांनी बांधलेले, मातीच्या सांध्यातल्या विटांच्या भिंती, सागवानी तुळया आणि वर मंगळुरी कौले. ही कौले आपल्याला इतकी घरची वाटतात, पण त्यांचा मंगळूरचा प्रसिद्ध कारखाना बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली काढला. चांगले भाजलेले कौल तीन तीन पिढ्या टिकते, हे मी आमच्याच छपरावरून सांगू शकतो. त्याखालच्या माळ्यावर काय होते ते मात्र विचारू नका. दोन पाळणे, एक फुटका बंब, लोणच्याच्या बरण्या, माझ्या मुंजीतला पाट, आणि कोणत्याही कुलुपाला न लागणाऱ्या किल्ल्यांची एक ट्रंक!

दुसऱ्याच दिवशी शिडी लावून टेप घेऊन मी वर चढलो. माळ्याची रुंदी अठरा फूट. मधोमध आढ्याखाली उंची साडेआठ फूट, तेव्हा मला वाटले, झाली की खोली! पण दोन्ही बाजूंना वळचणीकडे सरकावे तसे छप्पर डोक्यावर येई, आणि कडेला ते अडीच फुटांवर टेकले होते. सहा फुटांचा माणूस ताठ उभा राहू शकेल असा पट्टा निघाला अवघा साडेसात फुटांचा. बाकीच्या जागेत राहायचे तर रांगण्याचा अभ्यास हवा.

आमचे मिस्त्री चाळीस वर्षांचे ओळखीचे. ते म्हणाले, "त्यात काय, साहेब! फळ्या बदलू, वर चार काचेची कौले बसवू, आठ दिवसांचं काम." मोह फार झाला. पण सौ.ने हट्ट धरला म्हणून एका इंजिनियरबाईंना बोलावले, आणि त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच माझ्या उत्साहावर पाणी ओतले. राहत्या खोलीची उंची निदान पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट हवी. उतरत्या छपराखाली ती सरासरीने धरतात. आमच्या माळ्याची सरासरी भरली साडेपाच फूट. "ही सामान ठेवण्याची जागा आहे, काका. इथं माणूस राहायला ठेवता येणार नाही, आणि याचा नकाशाही मंजूर होणार नाही."

चिरंजिवांचा चेहरा उतरला. मग बाईंनीच मधल्या खोलीची उंची मोजली. जुन्या माणसांनी हात सैल सोडून बांधलेले. साडेअकरा फूट भरली. "कडीपाट सव्वादोन फूट खाली घेतला तर?" त्या म्हणाल्या. कागदावर आकडे मांडले. खाली सव्वानऊ फूट राहतात, ते पुरेत. वर आढ्याखाली पावणेअकरा फूट मिळतात. दोन्ही कडांना साडेसात फुटांच्या लाकडी भिंती घातल्या, की मध्ये पावणेदहा फूट रुंद आणि चौदा फूट लांब खोली निघते. सरासरी नऊ फुटांच्या थोडी वर. भिंतींमागे जे कोपरे उरतात त्यांत पाळणे आणि बंबही राहतात. मला तर हे गणित फारच आवडले.

पण कडीपाट म्हणजे काही दोरीवरचे धोतर नव्हे, की ओढले आणि खाली घेतले! तुळया नुसता माळा उचलत नाहीत, समोरासमोरच्या दोन भिंतींना धरूनही ठेवतात. त्या काढल्या, तर छपराच्या भाराने वासे भिंतींना बाहेर रेटतील. शिवाय राहत्या खोलीवर चौरस मीटरला दोनशे किलो भार धरावा लागतो. आमच्या खोलीचा हिशेब झाला अडीच टन.

"इतकी कोण माणसं येणार आहेत वर?" आईने विचारले.

मग बाईंनी भिंतीवरची ती रेघ पाहिली. पानशेतची. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे गेले, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. आई तेव्हा या घरात यायची होती. पण सासूबाईंकडून तिने ते इतक्यांदा ऐकले आहे, की स्वतः भिजल्यासारखी सांगते. देव, तांदळाचे पोते आणि शेजारची दोन लहान मुले घेऊन सगळे माळ्यावर जाऊन बसले होते. माझे वडील तेव्हा एकोणीस वर्षांचे. पाणी उतरल्यावर भिंतीवर जी चिखलाची रेघ राहिली, ती आजोबांनी रंग देताना मुद्दाम सोडायला लावली, आणि तेव्हापासून दर रंगकामात ती तशीच सोडली जाते.

आम्हाला ती घराची शान. बाईंना मात्र तिच्यात धोका दिसला. मातीचा सांधा इतका वेळ पाण्यात उभा राहिला म्हणजे आतून काय झाले असेल? त्यांनी रेघेखालचा हातभर गिलावा काढायला लावला, आणि सांध्यात पेचकस टोचला. दोन ठिकाणी माती भुगा होऊन खाली आली. मिस्त्री दुसरीकडे पाहू लागले. त्यांच्या फळ्या आम्ही आठ दिवसांत बसवल्या असत्या, तर काय झाले असते याचा विचार मी अजून रात्री करतो.

आता ठरले आहे ते असे. जुन्या भिंतींवर नवा भार नाही. खोलीच्या चार कोपऱ्यांत, स्वतंत्र पाया घेतलेले लोखंडी खांब उभे करायचे, त्यांवर नवा कडीपाट. तो बसून भिंतींशी बांधला गेल्याशिवाय एकही जुनी तुळई हलवायची नाही. कौलांच्या खाली फळ्यांचे छत घालायचे, पण मध्ये चार बोटांची पोकळी ठेवून आढ्याशी तिला वाट द्यायची, म्हणजे एप्रिल-मेमधली झळ वरच्या वर निघून जाईल. काचेची कौले दोनच. उजेडाबरोबर ती ऊनही आत घेतात. त्याऐवजी दोन्ही टोकांच्या तिकोनी भिंतींत समोरासमोर खिडक्या. नकाशा महापालिकेत जाईल, आणि मंजुरी येईपर्यंत कुदळ लागणार नाही.

राहिला जिना. शिडीवर सूनबाईंनी लॅपटॉप घेऊन चढावे असे काही कोणी म्हणणार नाही. साडेसात इंचांच्या सोळा पायऱ्या आणि दहा इंचांची पावले धरली, की जिना साडेबारा फूट जागा खातो. ती लांबी मधल्या खोलीत एकाच भिंतीला मिळते, आणि तिथे आईची खाट आहे. लग्न होऊन आली त्या वर्षापासून त्याच खिडकीखाली.

हे तिला सांगायचे कोणी, यावर आमची तीन दिवस कुजबुज चालली. चिरंजीव म्हणाले, "राहू दे, बाबा. फ्लॅटच पाहू." दिवाळीच्या साफसफाईत त्याने जमिनीवर खडूने जिन्याची आखणी करून पाहिली होती, ती पुसायचीही कोणाला आठवण राहिली नाही.

परवा पहाटे पाणी प्यायला उठलो, तर मधल्या खोलीत दिवा. आईने खाट स्वतःच ओढून खडूच्या रेषेबाहेर, समोरच्या भिंतीला लावली होती, आणि तिच्यावर बसून ती तपकिरीचा डबा शोधत होती.

"इथून खिडकी समोर दिसते," ती म्हणाली. "आणि त्या इंजिनियरबाईंना विचार, जिन्याला कठडा कोणत्या हाताला आहे. मला डाव्या हाताला लागेल."