शैलगृहातील आकार आणि अनुभव : भाजे व कार्ले

वास्तूच्या आकाराचा माणसाच्या अनुभवाशी नेमका काय संबंध असतो, या प्रश्नाचा विचार करताना अभ्यासकापुढे एक अडचण हमखास उभी राहते. बांधलेल्या इमारतीतील प्रत्येक अवयवाला दुहेरी काम असते. खांब छताचा भार पेलतो आणि जागेची विभागणीही करतो. कमान भार वाटून देते आणि दृष्टीला दिशाही देते. त्या अवयवाला त्याचे रूप यांपैकी कोणत्या कामामुळे लाभले, हे निश्चित सांगणे कठीण जाते.

सह्याद्रीतील लेणी या बाबतीत अभ्यासकाला फार उपयोगी पडतात. ती बांधलेली नसून कोरलेली आहेत; डोंगराचा भार डोंगरच पेलतो. पुष्कळ लेण्यांत खांब मोडले तरी छत जागेवर राहिले, हे सर्वपरिचित आहे. तेव्हा जेथे आधाराची गरज गौण आहे, तेथेही खांब व कमानी का योजिल्या गेल्या, हा प्रश्न विचारण्याजोगा ठरतो. लाकडी बांधणीची परंपरा पुढे चालू राहिली, हे त्याचे प्रचलित उत्तर होय. ते खरे आहे, परंतु पुरेसे नाही. मळवली स्थानकाच्या दोन बाजूंस असलेली भाजे व कार्ले येथील चैत्यगृहे ताडून पाहिली म्हणजे हे ध्यानात येते.

भाजे येथील चैत्यगृह इ.स.पूर्व २ऱ्या शतकातील असून सुमारे १८ मीटर लांब आहे. त्यातील साधे अष्टकोनी खांब आतल्या बाजूस झुकलेले आहेत. लाकडी घरात कमानींचा रेटा खांबांना बाहेर लोटतो. तो अडविण्यासाठी खांब आत कलते ठेवणे योग्यच होते. पाषाणात मात्र असा रेटा नसल्याने हा कल निव्वळ अनुकरणाचा आहे. तरीही त्याचा परिणाम घडतोच. दालन वर निमुळते होत गेल्याचा भास होतो आणि दृष्टी आपोआप गजपृष्ठाकार छताकडे वळते.

कार्ले येथील चैत्यगृह इ.स.च्या प्रारंभीच्या काळातील आहे. त्याची लांबी सुमारे ३८ मीटर, तर रुंदी व उंची प्रत्येकी सुमारे १४ मीटर आहे. येथे खांब सरळ उभे आहेत, म्हणजे अनुकरणाचा एक अंश गळून पडला आहे. छताला लाकडी कमानी मात्र आहेत, आणि त्या कसलाही भार पेलीत नाहीत. मध्यदालनाच्या दोन्ही अंगांस प्रत्येकी पंधरा खांब घटाकार बैठकीवर उभे असून त्यांच्या शीर्षांवर गुडघे टेकलेले हत्ती व त्यांवर आरूढ झालेल्या आकृती कोरल्या आहेत. स्तूपामागील सात खांबांना मात्र ना बैठक आहे, ना शीर्ष. हे खांब स्तूपाआड जातात म्हणून श्रम वाचविले, असे म्हणता येईल. अथवा प्रदक्षिणेच्या त्या टप्प्यावर लक्ष विचलित होऊ नये म्हणून ते साधे ठेवले, असेही म्हणता येईल. कोणताही पक्ष स्वीकारला तरी पाहणाऱ्याचे स्थान गृहीत धरावेच लागते.

प्रवेशाची रचनाही हेच दर्शविते. दर्शनी भिंतीतील मधला दरवाजा मध्यदालनात उघडतो, तर बाजूचे दोन दरवाजे पार्श्ववीथींत. मधल्या दरवाजाने येणाऱ्यास स्तूप एकदम समोर दिसतो. सुमारे ३ मीटर रुंदीच्या वीथीतून जाणाऱ्यास तो खांबांआडून क्षणोक्षणी दिसतो आणि लपतो. एकाच वास्तूत दर्शनाचे आणि चालण्याचे असे दोन अनुभव वेगळे राखले आहेत. भिंतीच्या वरच्या भागातील भव्य चैत्यगवाक्षातून येणारा प्रकाश मध्यदालनात उतरून स्तूपापर्यंत पोहोचतो. वीथी मंद उजेडात राहतात. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने आपल्या शिलालेखात या शैलगृहास जंबुद्वीपात उत्तम म्हटले आहे. तो दात्याचा अभिमान खरा, पण आत उभे राहिल्यावर तो अनाठायी वाटत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. भाजे येथील दर्शनी भाग लाकडी होता. तो नष्ट झाल्यामुळे आज दालनाचे संपूर्ण मुख उघडे आहे आणि प्रकाश मोकळेपणी आत येतो. मूळ उपासकाने अनुभवलेले दालन याहून काळोखे असले पाहिजे. म्हणून ‘भाजे मोकळे, कार्ले गंभीर’ अशी तुलना वरवर पटली तरी ती अंशतः एका लाकडी पडद्याच्या नाशावर उभी आहे. आजचा आपला अनुभव हा पुरावा खरा, परंतु तो तपासून घ्यावा लागणारा पुरावा आहे.

यावरून अभ्यासपद्धतीविषयी एक गोष्ट निष्पन्न होते. तलविन्यास आणि मोजमापे यांवरून वास्तूची जागा कळते, पण त्या जागेत माणूस कोठून येतो, कोठे थबकतो, त्याला काय आधी दिसते आणि काय उशिरा, हे कळत नाही. म्हणून लेण्याच्या नोंदीत खांबांच्या संख्येबरोबर प्रकाशाचा मार्ग, माणसाच्या नजरेची उंची आणि नष्ट झालेल्या अवयवांच्या खुणाही नोंदविल्या पाहिजेत. असे न केल्यास आपण वास्तूचे अवशेष अचूक मोजू, परंतु ज्या अनुभवासाठी ती कोरली गेली तो अभ्यासातून निसटून जाईल.