‘टेम्पो’ : लघु मालवाहन, सरकारी धोरण आणि जुन्नर-आंबेगाव परिसर

प्रस्तावना

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत शेतमालाची ने-आण करणारे कोणतेही लहान मालवाहन ‘टेम्पो’ या नावानेच ओळखले जाते. ते कोणत्या कारखान्यात तयार झाले, याच्याशी बोलणाऱ्याला कर्तव्य नसते. वस्तुतः ‘टेम्पो’ हे हॅम्बुर्ग शहरातील हारबुर्ग भागात असलेल्या एका जर्मन कंपनीचे व्यापारी नाव होय. डालडा किंवा झेरॉक्सप्रमाणे विशेषनामाचे सामान्यनाम झाले, एवढ्यावर हा विषय सोडून देता येईल. परंतु त्यात भाषेपेक्षा अर्थकारण अधिक आहे. लहान मालवाहन हे अभियंत्याच्या कल्पकतेइतकेच सरकारी नियमांचेही अपत्य असते आणि त्या नियमांचा लाभ-तोटा अखेरीस माल पाठविणाऱ्याच्या वाट्याला येतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नियमांतून घडलेली वाहने

जपानमधील पहिले ट्रक लष्कराच्या गरजेतून निर्माण झाले. १९१८ च्या लष्करी वाहन अनुदान कायद्याच्या काळात इशिकावाजिमा जहाजबांधणी कारखान्याने ब्रिटिश वूल्झली कंपनीशी सहकार्य करून ट्रक बांधण्यास प्रारंभ केला. पुढे ‘इसुझू’ म्हणून प्रसिद्धीस आलेली परंपरा ती हीच. दुकानदार आणि कारागीर यांचे वाहन मात्र वेगळे होते. लहान इंजिनाच्या वाहनास चालक-परवान्याची परीक्षा नसल्यामुळे तेथे तीनचाकी मालगाड्या फोफावल्या. माझदाची अशी पहिली गाडी १९३१ मध्ये बाजारात आली. जर्मनीतही १९२८ पासून २०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनांना कर व परवाना यांतून सूट मिळाली आणि व्हिडाल पितापुत्रांच्या ‘टेम्पो’ला त्याचाच हात मिळाला.

स्वतंत्र भारतात सरकारचा रोख निराळा होता. केवळ सुटे भाग आणून जुळणी करणाऱ्या कंपन्यांना थारा देऊ नये, अशी शिफारस प्रशुल्क आयोगाने १९५३ मध्ये केली. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी त्यानंतर भारतातील आपले काम गुंडाळले. परदेशी तंत्र घेऊन येथेच उत्पादन करू इच्छिणाऱ्या उद्योजकांसाठी ही मोकळी जागा होती. अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) फिरोदिया घराण्यातील नवलमल फिरोदिया हे त्यांपैकी एक. स्वातंत्र्यलढ्यात सहभागी झालेल्या या उद्योजकाच्या पुढाकाराने व्हिडाल कंपनीच्या सहकार्याने १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन झाली. आरंभीचे काम मुंबईत गोरेगाव येथे होते. पुढे पुण्याजवळ आकुर्डी हे तिचे मुख्य ठिकाण झाले.

हॅन्सियाटची रचना

कंपनीचे गाजलेले वाहन म्हणजे तीनचाकी हॅन्सियाट. सुमारे ४०० घनसेंटिमीटरचे द्विघाती इंजिन पुढच्या एकमेव चाकावर बसविलेले असे आणि साखळीद्वारे तेच चाक फिरविले जाई. त्यामुळे मागील भागात इंजिनाची शक्ती नेणाऱ्या दांड्याची गरजच उरत नसे. हौदा सपाट व सखल राही, फाळका उघडून एकटा माणूसही माल चढवू शके. यात एक उणीवही अंगभूत होती. भार मागे आणि चालना पुढे, त्यामुळे चढावर पुढचे चाक हलके पडे. माळशेजसारख्या घाटापेक्षा सपाटीवरची, गाव ते बाजारपेठ अशी जवळची वाहतूक हेच त्याचे खरे क्षेत्र.

वाहनाची क्षमता पाऊण टनाच्या आसपास होती. नारायणगावच्या टोमॅटो बाजारातील आजच्या २० किलोच्या क्रेटमध्ये हिशेब मांडला तर हे ३७-३८ क्रेट होतात. अल्पभूधारकाचा एका तोडणीचा माल साधारण एवढाच असतो. ट्रक भरायचा तर अनेकांचा माल एकत्र येईपर्यंत थांबावे लागते आणि भाजीपाला थांबत नाही. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने या परिसरात नगदी भाजीपाला वाढविला, हे सर्वजण सांगतात. तो नारायणगाव-मंचरच्या बाजारात वेळेवर पोहोचविणाऱ्या लहान वाहनाची नोंद मात्र आपल्या स्थानिक इतिहासलेखनात क्वचितच आढळते.

संरक्षणाची दुसरी बाजू

जर्मनीत १९५० च्या दशकातच थांबलेले हॅन्सियाटचे उत्पादन भारतात विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालले. जपानमधील तीनचाकी ट्रक १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चारचाकींना जागा देऊन संपले. दणकट व दुरुस्तीस सोपे म्हणून हॅन्सियाट टिकले, हे अर्धेच सत्य. परवाना पद्धतीमुळे ग्राहकापुढे पर्यायच थोडे होते. कंपनीने १९६९ मध्ये चारचाकी मॅटेडोर आणली, तरी खरी स्पर्धा १९८० च्या दशकात आली. डीसीएम टोयोटा, ऑल्विन निसान, स्वराज माझदा आणि मित्सुबिशीचे सहकार्य घेतलेली आयशर, अशा चार जपानी भागीदाऱ्या हलक्या ट्रकच्या क्षेत्रात उतरल्या. १९८५ नंतर येनचे मूल्य झपाट्याने वाढले आणि जपानहून येणारे भाग महाग झाले. टेल्कोने १९८६ मध्ये पुण्यातून ‘४०७’ बाजारात आणून या क्षेत्राचे चित्रच पालटले. एवढी घासाघीस झाल्यावर शेतकऱ्याला आणि भाड्याने वाहन चालविणाऱ्याला प्रथमच निवड करण्याची संधी मिळाली.

२००५ मध्ये टाटांचे ‘एस’, म्हणजे सर्वपरिचित छोटा हत्ती, बाजारात आले. त्याच वर्षी बजाज टेम्पोने नाव बदलून ‘फोर्स मोटर्स’ असे केले. कंपनीच्या नावातून गेलेला शब्द जुन्नर-आंबेगावच्या बोलीत राहिला आणि ‘४०७’ असो वा छोटा हत्ती, भाडे ठरते ते टेम्पोचेच.