धर्मगुरू घडवणारे पुणे आणि मावळातली रविवारची मिस्सा

पुण्यात नगर रस्त्यावर रामवाडीला ज्ञान-दीप ही संस्था आहे. तिथे कॅथलिक धर्मगुरू घडतात. बिबवेवाडीतली युनियन बिब्लिकल सेमिनरी प्रॉटेस्टंट पाळक घडवते. दोन्ही संस्था मूळच्या पुण्याच्या नव्हेत. बिबवेवाडीची सेमिनरी १९५३ साली यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात आली. तिच्या पदव्या बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटच्या.

रामवाडीचा इतिहास आणखी लांबचा. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडी येथे पेपल सेमिनरी स्थापली. युरोपीय मिशनऱ्यांवर विसंबून न राहता इथलेच धर्मगुरू तयार व्हावेत, हा हेतू होता. कारभार जेझुइट या धर्मसंघाकडे गेला. पुढे भारत आणि सिलोन (आजची श्रीलंका) हे दोन स्वतंत्र देश झाले, आणि १९५५ मध्ये सेमिनरी पुण्यात हलवण्यात आली. ज्ञान-दीपचे मूळ तीच.

धर्मगुरूसाठी चर्चच्या नियमाप्रमाणे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान सहा वर्षांचा अभ्यास लागतो. त्याआधीची तयारी आणि मधली प्रत्यक्ष कामाची वर्षे धरली, तर हा काळ दहा वर्षांच्या आसपास जातो. एके काळी हे सारे लॅटिनमधून चाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन मागे पडली. आज शिकवणे इंग्रजीत होते, कारण वर्गात केरळ, झारखंड, ईशान्य भारत, गोवा अशा सगळीकडचे 'ब्रदर', म्हणजे धर्मगुरू होऊ पाहणारे विद्यार्थी, बसतात.

अडचण इथेच सुरू होते. वर्गाची भाषा एक, मंडळींच्या भाषा अनेक. पुणे-लोणावळा लोकलचा मार्ग पाहिला तरी हे कळते. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली आणि लोणावळ्यात रेल्वे कामगारांची वस्ती वाढली. 'आयएनएस शिवाजी' या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रामुळे तिथे देशभरातले नौसैनिक येतात. मावळच्या वेशीवरच्या देहूरोडला लष्करी डेपोमुळे तमिळ कुटुंबे रुजली आहेत, तर तळेगावच्या कारखान्यांनी आणखी नव्या भाषा आणल्या. मराठी, तमिळ, मल्याळम, कोकणी आणि इंग्रजी बोलणारे भाविक अशा एकाच धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) असले, की मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, कोणत्या भाषेत, हा प्रश्न वेळापत्रकाचा राहत नाही. गटांच्या मानापमानाचा होतो. ख्रिसमसच्या गायनवृंदाने कोणत्या भाषेतली किती गीते गावीत, यावरही फादरना दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात.

म्हणून ग्रंथाभ्यासाइतकेच वजन सुटीच्या दिवशीच्या सेवाकार्याला दिले जाते, आणि ते योग्यच आहे. विद्यार्थी वस्तीत, रुग्णालयात, मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात जातात. आजाऱ्याच्या खाटेजवळ काय बोलावे, आणि कधी गप्प बसावे, हे तिथेच उमगते. शेजारी हिंदू, मुस्लीम, बौद्ध; आणि बऱ्याच मराठी ख्रिस्ती घरांचे नातेवाईकही त्यांच्यातलेच. त्यामुळे इतर धर्मांचा अभ्यास अभ्यासक्रमात आहे.

मराठीशी नाते जोडण्याची परंपरा जुनीच आहे. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचे मराठीतले 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. दीक्षेनंतर परप्रांतीय तरुण मराठी धर्मग्रामात नेमला गेला, तर प्रवचनाइतपत मराठी त्याला शिकावीच लागते. आणि पापनिवेदन ऐकायला बसल्यावर तेवढीही पुरत नाही.