नायजर नदीवरील आरमारी डॉक्टर

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पश्चिम आफ्रिकेतील नायजर नदीत शिरणाऱ्या युरोपियनाने परतीचा भरवसा सहसा धरू नये, अशीच स्थिती होती. मॅक्‌ग्रेगर लेअर्ड या सौदागराच्या १८३२ सालच्या सफरीतील ४८ युरोपियनांपैकी जिवंत परतले अवघे ९. आणि पुढे १८४१ मध्ये खुद्द ब्रिटिश सरकारने तीन आगबोटींनिशी मोठ्या थाटाने धाडलेली मोहीमही ज्वराने इतकी जेरीस आली की, त्या मुलखाचे नाव काढण्याची हौस दरबारात बराच काळ कोणास उरली नाही. दलदलीतून उठणाऱ्या दूषित हवेने हा ज्वर जडतो, असे तत्कालीन वैद्यक निःशंकपणे सांगत असे; डासावर आळ घेण्याचे कोणाच्या मनातही नव्हते.

अशा नदीवर १८५४ मध्ये ‘प्लेअड’ ही आगबोट निघाली, तिच्यावर विल्यम बाल्फोर बेकी हा आरमारी डॉक्टर होता. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांत, कर्कवॉल येथे १८२५ साली जन्मलेला आणि एडिंबरोस वैद्यक शिकलेला हा तरुण १८४८ पासून आरमाराच्या चाकरीत होता. ब्रिटिश आरमारात असिस्टंट सर्जनचा मान त्या काळी बेताचाच असे. पोरसवदा मिडशिपमनांच्या, म्हणजे शिकाऊ अधिकाऱ्यांच्या, पंगतीत त्याचे पान मांडले जाई, आणि त्याबद्दल वैद्यमंडळींची तक्रार वर्षानुवर्षे चालू होती. परंतु मोहिमेचे नियोजित प्रमुख, कॉन्सल जॉन बीक्रॉफ्ट, हे निघण्यापूर्वीच मृत्यू पावल्याने सारी मुखत्यारी अठ्ठावीस वर्षांच्या या डॉक्टरकडे आली.

या ज्वरावरचा उतारा, म्हणजे सिंकोनाच्या सालीतील क्विनीन, फ्रेंच रसायनज्ञांनी १८२० मध्येच वेगळे केले होते. ते ज्वर येण्याआधीच घ्यावे, असे आरमारातील अलेक्झांडर ब्रायसन यांच्यासारखे जाणते डॉक्टर सांगतही होते. बेकीने नवे असे काही शोधले नाही. जे ठाऊक होते ते त्याने हुकमाच्या जोरावर रोजच्या रोज अमलात आणले, आणि औषधाचा कडवटपणा पाहता हे काम वाटते तितके किरकोळ नव्हते. नदीवर ११८ दिवस काढून, बेनुए या उपनदीत पूर्वीच्या कोणत्याही मोहिमेपेक्षा सुमारे २५० मैल पुढे जाऊन बोट परतली, तेव्हा तिच्यावरील १२ युरोपियनांपैकी एकही दगावला नव्हता.

१८५७ साली तो ‘डेस्प्रिंग’ बोटीने पुन्हा गेला. जेब्बाजवळ खडकांवर आपटून ती फुटली. पण तेथील मुक्काम लांबला तरी बेकीने मायदेशाची वाट धरली नाही. नायजर व बेनुए यांच्या संगमावर त्याने लोकोजा वसविले, रान तोडून रस्ते काढले, बाजार भरविला, नुपे राज्याच्या मसाबा या राजाशी सलोखा राखला. आणि वैद्य, मामलेदार, पंतोजी नि उपाध्याय ही सारी कामे एकट्याने चालविली. शिवाय तेथील भाषांचे शब्द तो जमवीत राहिला व बायबलचे काही भाग त्याने हौसा भाषेत उतरविले. सरकारी खजिन्याकडे पाहत बसलेल्या वरिष्ठांपेक्षा या दूरच्या ठाण्याची कळकळ त्यालाच अधिक होती, असे मला वाटते.

मायदेशी परतताना डिसेंबर १८६४ मध्ये सिएरा लिओन येथे त्याचा अंत झाला. वय अवघे ३९. क्विनीनने नदीचा मार्ग निर्धोक केल्यावर मात्र त्या मार्गाने प्रथम व्यापारी गेले आणि त्यांच्यापाठोपाठ फौजाही. १ जानेवारी १९०० रोजी लुगार्ड या इंग्रज अधिकाऱ्याने उत्तर नायजेरियावरील ब्रिटिश अंमलाची घोषणा केली, ती याच लोकोजा येथे.